चार चिंचोके

सोनोग्राफीला आलेल्या बाईच्या तळहातावर गयामावशी आधी चार चिंचोके ठेवत आणि मग तिच्यापुढे स्टीलचा पेला धरत. "एक पेला पेलीस की एक चिंचोका मला द्यायचा. हात रिकामा झाला की झालं. मंग उठायचं न्हाई, लघवीला जायचं न्हाई, गुमान बसायचं."

चिंचोके ठेवायला त्यांच्याकडे पत्र्याचा एक चपटा डबा होता. परत आलेला चिंचोका त्यात टाकला की टक् असा आवाज होई. मी टेबलाशी बसून रिपोर्ट टाइप करायचे. मान वर न करताही मला आवाजावरून कळायचं, कोणाचे किती पेले झाले.

जालन्यात मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मॅडमचं सोनोग्राफी केंद्र होतं. तेव्हाच्या मशीनवर पोटातलं बाळ नीट दिसायला बाईचं मूत्राशय भरलेलं लागे. म्हणून प्रत्येकीला आत नेण्याआधी चार पेले, म्हणजे सव्वा-दीड लिटर पाणी पाजायचं. आणि हे अशा गावात, जिथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येई. बाहेर बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असत आणि आमच्याकडे मावशी बायकांना "आणखी एक, आणखी एक" म्हणत पाणी पाजत बसलेल्या असत. हे पाणी भरण्याचं, राखण्याचं आणि पाजण्याचं सगळं काम त्यांचं होतं.

मी वाटूरची. शाळा परतूरला, कॉलेज जालन्याला. बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं कोणी नव्हतं. टायपिंगची परीक्षा दिलेली होती, म्हणून मॅडमनी मला कामावर घेतलं. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरलेले नाही. पण काम मला शिकवलं ते मावशींनी. कोणत्या बाईला आधी आत घ्यायचं, कोणाच्या नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवायचं, रिपोर्ट हातात देताना काय बोलायचं नाही, हे सगळं त्यांच्याकडूनच आलं. त्या मला पहिल्या दिवसापासून 'बीएस्सीबाई' म्हणायच्या. "काय बीएस्सीबाई, जेवलीस का मशीनच बडवून राह्यलीस?"

मावशी उंच आणि हाडकुळ्या होत्या. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात रबरी चपला. चालताना त्या एका बाजूला किंचित कलत. वर्षानुवर्षं एकाच कमरेवर घागर वाहिल्यामुळे असेल. घरची माणसं बौद्ध. वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला. मावशी सांगत, "तवा मी आईच्या पोटात व्हते. पोटात गेले तवा एक व्हते, भायेर आले तवा दुसरीच. तवा ही मशीन असती तर मॅडमनं काय लिहिलं असतं गं?" हे त्यांनी मला चार-पाच वेळा तरी ऐकवलं असेल. मॅडमनाही एकदा ऐकवलं. मॅडम क्वचित हसायच्या, पण त्या दिवशी हसल्या.

चिंचोक्यांची पद्धत त्यांचीच. आधी मॅडम बायकांना "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगत. मग कोणी दोन घोट घेई, कोणी भीतीने इतकं पिई की ओकारी होई. अंबडकडच्या एका बाईने तर तपासणीच्या टेबलावरच लघवी केली आणि शरमेने रिपोर्ट न घेताच निघून गेली. जाताना नेसायला मावशींनी तिला आपली साडी दिली आणि तिचं लुगडं धुऊन वाळत घातलं. तिचा नवरा ते संध्याकाळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मावशी घरून चिंचोके घेऊन आल्या. मॅडमना म्हणाल्या, "बायांला लिटर कळत न्हाई, घड्याळ कळत न्हाई. चिंचोके बराबर कळतेत."

भिंतीवर कायद्याची पाटी होती, इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही म्हणून. तरी माणसं विचारायची. मॅडमना विचारायची हिंमत नसे, मग मावशींना गाठत. एकदा चांगल्या कपड्यातला एक माणूस त्यांच्या कानाशी लागला. "मावशी, एवढंच सांगा, पेढे आणू का जिलेबी?"

"दोन्ही आना."

"म्हणजे जुळं हाय का काय?"

"जुळं कशाचं? मला साखरेचा आजार हाय, मी खात न्हाई. पन हितं बाया उपाशी बसल्यात सकाळपासून, त्या खातील."

सगळी रांग हसली. तो माणूसही हसला आणि गप्प बाकावर जाऊन बसला. "आत काय हाय?" या प्रश्नाला मावशींचं एकच उत्तर असे, "बाळ हाय."

ज्यांचा रिपोर्ट वाईट येई त्यांच्याशी मात्र त्या थट्टा करत नसत. आणि समजूतही घालत नसत. आतून बाई बाहेर आली आणि तिचा चेहरा तसा दिसला की मावशी तिच्या चपला शोधून तिच्या पायाशी आणून ठेवत. मग पिशवी हातात घेऊन रिक्षापर्यंत सोबत जात. वाटेत विचारत ते एवढंच, की जेवलात का, गाडी किती वाजता आहे. मी एकदा त्यांना म्हणाले, "मावशी, दोन शब्द धीराचे बोलावेत." त्या म्हणाल्या, "तिला आत्ता काय ऐकू येतंय का? चपला सापडत न्हाईत तिला. त्या द्यायच्या."

आता पाण्याबद्दल. काही बायका आणि त्यांच्या सासवा मावशींच्या हातचं पाणी घेत नसत. सरळ नाही म्हणणाऱ्या थोड्या. बहुतेक जणी आडून विचारत. भोकरदनकडची एक म्हातारी म्हणाली, "तुमी कोनाच्या हो?"

"डॉक्टरीणबाईंच्या."

"तसं न्हाई, जातीनं म्हणते मी."

"जातीनं? पानीवाली."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. मग मावशींनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "तिथं तांब्या हाय. हातानं घ्या." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज चढत नसे की उतरत नसे. जसं एखादीला "नंबर पाच" म्हणावं तसं. मग ती सासू स्वतः उठे, तांब्या विसळे, पाणी ओतून घेई आणि सुनेला देई. तो माठही मावशींनीच भरलेला असे. त्याबद्दल कोणी बोलत नसे. मावशीही नाही. चिंचोके मात्र त्या सोडत नसत. "कोनाच्या बी हातानं प्या. चार झाले पायजेत."

मी गावात खोली करून राहत होते आणि रोज खोलीवरून प्लास्टिकची बाटली भरून आणत असे. कोणी विचारलं असतं तर मला दुसरं पाणी बाधतं असं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

सुनंदा आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. राजूरच्या पुढच्या एका गावची, विशीची मुलगी, सोबत सासू. ही सासू तिची सख्खी आत्याच होती. आत्याच्या घरात द्यायची आमच्याकडे रीतच आहे, त्यात वेगळं काही नव्हतं. सुनंदाचं पहिलं बाळ घरीच जन्मून तासाभरात गेलं होतं. सासूने ते टेबलापुढे उभं राहून मला सांगितलं. "हातापायाला सहा-सहा बोटं व्हती. आमी म्हणलं, नशीबवान हाय लेकरू. पन मागं डोक्याला फुगा आल्ता आन् पोट टम्म. ऱ्हायलं न्हाई."

गावातल्या नर्सने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. आधीच्या आठवड्यात मॅडमनी दोघींना बसवून समजावलं होतं. त्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांनी मला कागदावर लिहून दिलं होतं, टाइप करताना चुकू नये म्हणून. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून एकच दोष आला की तो बाळात उतरतो. प्रत्येक वेळी चारात एक, इतका धोका. डोक्यामागे पिशवी, फुगलेली मूत्रपिंडं, असं बाळ जगत नाही. पाचवा महिना संपायच्या आत मशीनवर दिसलं तर आईची सुटका करता येते, त्यानंतर कायद्याने नाही. आता सुनंदाला चौथा सरत आला होता. आजची तपासणी त्यासाठीच होती.

मावशींनी सुनंदाच्या हातावर चिंचोके ठेवले. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मॅडम चारात एक म्हणल्या ते मला कळलं न्हाई."

मावशी तिच्याशेजारी टेकल्या. एक चिंचोका बाजूला सारला. "हे बघ. ह्या चारातला हा एक खराब."

"मंग मागच्या बारीला खराब निघाला. आता तीन चांगलेच ऱ्हायले ना?"

"न्हाई बाई. दर बारीला चार नवे."

सुनंदाने चिंचोके मुठीत धरले. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तसंच असंल तर मला आत्ताच सांगा. पुन्हा नऊ महिने वागवायचं न्हाई व्हायचं माझ्यानं. मागं माझं दूध चार दिस वाहत व्हतं." सासू तेव्हा दाराशी कोणाशी तरी बोलत होती, मधूनमधून मावशींकडे बघत.

"पानी पी," मावशी म्हणाल्या. "पानी पेलीस की दिसंल."

त्यांनी पेला भरून सुनंदाच्या हातात दिला आणि तांब्या बाजूला ठेवला. तेवढ्यात आतून मॅडमनी हाक मारली आणि त्या पडद्यामागे गेल्या.

त्या वेळी नळाला बारा दिवस पाणी आलेलं नव्हतं. सकाळचं पाणी मावशींनी त्यांच्या वस्तीच्या हापशावरून दोन घागरींत आणलं होतं, चालत. माठात एवढंच होतं.

सासू दारातून परत आली. तिने सुनेच्या हातातला पेला घेतला आणि भिंतीशी असलेल्या सदाफुलीच्या कुंडीत ओतला. मग तांब्यातलं पाणी पेल्यात घेऊन तेही ओतलं. असं चार वेळा केलं. सावकाश, इकडेतिकडे न बघता, घरच्या तुळशीला घालावं तसं. मी टेबलावरून बघत होते. कुंडीतून पाणी वर आलं आणि फरशीवर त्याचा ओघळ निघाला. शेवटचा पेला ओतला जात असताना मावशी पडदा सारून बाहेर आल्या. सासूने सुनंदाच्या हातातले चिंचोके घेतले आणि वरूनच डब्यात सोडले. टक्, टक्, टक्, टक्.

"झाले चारी," ती म्हणाली.

मावशींनी ओघळाकडे पाहिलं. मग माठाकडे. मी वाट बघत होते, की आता त्या म्हणतील, तिथं तांब्या हाय, हातानं घ्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी मान खाली घातली आणि दोन कागदांमध्ये कार्बन घातला.

आतून मॅडमनी विचारलं, "नंबर अकराचे चार झाले का?"

मावशी म्हणाल्या, "चिंचोके आले चारी."

तपासताना मापं लिहून घ्यायला मी आत असे. मॅडम बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत होत्या. हात दिसले, पाय दिसले, ठोके दिसले. डोकं खाली कमरेच्या हाडाआड दडलं होतं. मूत्रपिंडांच्या जागी धुकं. "पाणी प्यायलीस ना?" मॅडमनी विचारलं. सुनंदाने पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे आत्या होती. "हो." "मग लघवीला जाऊन आलीस का?" त्यालाही ती "हो" म्हणाली.

बारा वाजता वीज जायची. पावणेबारा होऊन गेले होते आणि बाहेर आणखी सात-आठ जणी पाणी पिऊन पाय आखडून बसल्या होत्या. मॅडमनी हात पुसला. बाहेर येऊन सासूला नीट सांगितलं, "हातपाय आहेत, ठोके आहेत. पण डोकं आणि मूत्रपिंडं मला दिसली नाहीत. नाहीत असं मी म्हणत नाही, दिसली नाहीत म्हणते. आठ दिवसांनी पुन्हा आणा. उशीर करू नका."

"ठोके हायेत ना पन?" सासू म्हणाली.

"आहेत."

सासूने हात जोडले. मी रिपोर्ट टाइप केला. मॅडम सांगत होत्या तसाच, एकही चूक न करता. तो इंग्रजीत होता.

जाताना सुनंदा दारात थांबली. "दिसलं का मावशी?"

"आठ दिसांनी ये," मावशी म्हणाल्या. "बिलकुल ये. मी तुला पाजते पानी."

आठ दिवस झाले. मावशी सकाळी आल्या की विचारत, "बीएस्सीबाई, ती राजूरकडची आली का गं?" मी रजिस्टर बघून नाही म्हणे. मग दहा, मग बारा दिवस. चतुर्थीला राजूरच्या गणपतीसाठी जीप भरून जातात. त्यातल्या एका ड्रायव्हरकडे मावशींनी निरोप दिला. पुढच्या खेपेला तो म्हणाला, दिला. कोणाला दिला ते त्याला सांगता आलं नाही. पाचवा महिना सरला त्या सुमारास मावशींनी विचारणं बंद केलं.

त्या दोघी आल्या त्या संक्रांत होऊन गेल्यावर. सातवा चालू होता. पोट हवं तेवढं वाढत नाही म्हणून नर्सनेच पुन्हा धाडलं होतं. या वेळी मावशींनी सासूला बाकावर बसवलं, सुनंदाला माठापाशी नेलं, आणि तिच्यापुढे उभं राहून तिला चार पेले प्यायला लावले. आत सगळं स्पष्ट दिसलं. बाळाभोवती पाणी जवळजवळ नव्हतं. दोन्ही मूत्रपिंडं फुगून पोट भरलेलं. डोक्यामागे पिशवी. मॅडमनी मशीनच्या पडद्यावर बोटं मोजली. एका हाताची सहा.

सुनंदा टेबलावर झोपूनच म्हणाली, "मी म्हणत व्हते जाऊ म्हणून. मला कोन इचारतंय." त्या आवाजात रडणं नव्हतं. रस्ता विचारल्यावर कोणी सांगावा तसा आवाज.

मॅडमनी बाहेर येऊन सासूला सांगितलं. आता काही करता येणार नाही, दिवस भरेपर्यंत थांबावं लागेल, बाळ राहणार नाही. बाळंतपण घरी करू नका, दवाखान्यात करा. सासू ऐकत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. मावशींनी पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि एका दमात प्यायली. कोण देतंय ते तिने पाहिलंही नाही. रिकामा पेला तिने परत मावशींच्याच हातात दिला. मावशींनी आणखी एक दिला. तोही तिने घेतला.

मावशींनी दोघींच्या चपला आणून ठेवल्या. रिक्षापर्यंत गेल्या. परत आल्यावर पेला विसळताना म्हणाल्या, "आता पेली."

दुपारी गर्दी संपल्यावर त्या मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी पलीकडे टाइप करत होते.

"मॅडम, तवा त्या सासूनं पानी कुंडीत वतलं व्हतं. मी बघितलं व्हतं. बोलले न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

"दोन घागरी मी हापशावरून आणल्त्या. माझं पानी नको म्हणायचं ऱ्हायलं, मला त्याची सवय हाय. पन तिनं वतलं. मला राग आल्ता. म्हणलं, जाऊ दे, ह्यांचं ह्यांला कळंल. त्या पोरीचं काय व्हईल ते त्या टायमाला डोक्यातच न्हाई आलं. तिनं मला सांगितलं व्हतं."

मॅडम म्हणाल्या, "मूत्राशय भरलेलं नाही हे मला पडद्यावर दिसत होतं, मावशी. मी तिला उठवून पुन्हा पाणी पाजायला हवं होतं. बारा वाजत आले होते."

"मला शिव्या द्या."

"नाही देत. जा, उद्याचं पाणी भरून ठेवा."

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. मग गेल्या. मी पण पाहिलं होतं, हे त्या खोलीत मी म्हणाले नाही. टाइप करत राहिले. कोणता रिपोर्ट होता ते आठवत नाही.

फाल्गुनात तोच जीपवाला सांगून गेला. झालं, अर्ध्या घंट्यात गेलं, बाई बरी हाय. मावशींनी मान हलवली आणि माठावरचं फडकं बदललं.

त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट बदलली. बाई येऊन बसली की चिंचोके द्यायच्या आधी तिच्या तोंडासमोर उभं राहून मोठ्याने विचारत, "माझ्या हातचं चालतं का? मी बौद्ध हाय. न्हाई चालत तर आत्ताच सांगा, तिथं तांब्या हाय, हातानं घ्या. पन माझ्यासमोर प्या." जे कधी उघड बोललं जात नव्हतं ते त्या भर रांगेत बोलू लागल्या. काही बायका लाजून घाईने "चालतं की, चालतं" म्हणत. एकीच्या नवऱ्याने मॅडमकडे तक्रार केली, की ही बाई पेशंटचा अपमान करते. मॅडमनी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. मी मावशींना म्हणाले, "लोकांना राग येतो." त्या म्हणाल्या, "येऊ दे की. राग पोटात गेला तरी चालतंय, पानी बी गेलं पायजे."

रोज वीस जणींना त्या हे विचारत. पेढे-जिलेबीवाला आला तर पूर्वीसारखं उत्तरही देत. फक्त पोटात असताना धर्म बदलल्याची गोष्ट मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

पुढे मला परतूरला शाळेत नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मावशी रांगेत पाणी देत होत्या. म्हणाल्या, "पोरांला मारू नको. आन् जेवत जा टायमावर." मॅडमनी मला एक चांगलं पेन दिलं. ते अजून आहे.

चार-पाच वर्षांनी शिक्षण खात्याच्या कामासाठी मे महिन्यात जालन्याला गेले होते. काम लवकर झालं, म्हणून केंद्राकडे वळले. पाटी तीच होती, आत सगळं बदललं होतं. नवीन रंगीत मशीन, काचेचं दार, खुर्च्या. माझ्या जागी एक मुलगी कॉम्प्युटरवर काम करत होती. तिच्या टेबलावर तो पत्र्याचा चपटा डबा होता. त्यात टाचण्या होत्या.

मावशी दाराजवळ स्टुलावर बसल्या होत्या. केस पिकले होते. आता त्यांचं काम नंबर पुकारायचं. मला बघून त्यांनी जागेवरूनच हात वर केला. "या बीएस्सीबाई. जाड झालीस."

"मावशी, पाणी पाजणं बंद?"

"लागत न्हाई आता. ही नवी मशीन तसंच दाखवती. नाक दिसतं, ओठ दिसतेत. बोटं मोजता येतेत एकेक." त्या थोडा वेळ मशीनच्या खोलीकडे बघत राहिल्या. "पानीच लागत न्हाई."

मी सुनंदाबद्दल विचारलं. "न्हाई आली," त्या म्हणाल्या. "औरंगाबादला गेली आसंल. न्हाईतर गेली आसंल कुठं बी. मी त्या जीपवाल्याला दोनदा इचारलं. तो बी आता जीप न्हाई चालवत." सुनंदाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

कोपऱ्यात त्यांचा माठ अजून होता, ओल्या फडक्यासह. मॅडमनी थंड पाण्याचं मशीन बसवलं होतं, पण मावशी रोज माठही भरत. ऊन मी म्हणत होतं. खेड्यातली एक गरोदर बाई घामाघूम होऊन आत आली. मावशी उठल्या, एका बाजूला किंचित कलत माठापाशी गेल्या, आणि पेला भरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "माझ्या हातचं चालतं का? मी बौद्ध हाय." त्या बाईने "आवो, द्या की" म्हणत पेला ओढूनच घेतला.

मग मावशी माझ्याकडे वळल्या. परत आलेला पेला त्यांच्या हातात होता. मी उन्हातून आले होते आणि मला तहान लागली होती. त्या दिवशी माझ्याजवळ बाटली नव्हती. त्या मलाही विचारतील असं मला वाटलं. काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. पेला माठावर पालथा ठेवला. आवाज चढला नाही की उतरला नाही.

"उन्हाची आलीस. तिथं तांब्या हाय, बीएस्सीबाई. हातानं घे."

आणि त्या पुढचा नंबर सांगायला गेल्या. मी माठापाशी गेले, तांब्या विसळला आणि हातानं पाणी घेतलं. पिऊन वळले तेव्हा त्या आत गेल्या होत्या. पडद्याखाली त्यांच्या रबरी चपला तेवढ्या दिसत होत्या.